देव न मानणाऱ्या मुलाने घरच्या पूजेला बसायचं का?

दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर नटूनथटून जमणाऱ्या गर्दीत देव कोण मानतं आणि कोण नाही, हे कुणी विचारत नाही. गणेश मंदिर संस्थानाने 1999 साली सुरू केलेल्या पाडव्याच्या स्वागतयात्रेतही तेच. प्रश्न उभा राहतो तो घरी. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या कित्येक घरांत देवघर आणि लॅपटॉप एकाच खोलीत असतात. लग्नानंतरच्या सत्यनारायणाला मुला-सुनेने जोडीने बसावं, गणपतीत सगळ्यांनी कोकणातल्या घरी जावं, एवढीच आईची अपेक्षा असते. आणि मुलगा म्हणतो, मी देव मानत नाही.

अशी माणसं कागदावर फार थोडी दिसतात. 2011 च्या जनगणनेत देशभरात सुमारे 33 हजार जणांनी स्वतःची नोंद नास्तिक अशी केली होती. प्रत्यक्षात देव न मानणारे पण फॉर्मवर घरचाच धर्म लिहिणारे याहून कितीतरी जास्त असणार.

कायदा काय म्हणतो?

राज्यघटनेचं कलम 25 सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतं. आपण कोणताच धर्म मानत नाही असं सांगण्याचा हक्कही त्यातच येतो, आणि सरकार कुणालाही धर्म लिहायची सक्ती करू शकत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केलं. निकाल देणाऱ्या खंडपीठातले न्यायमूर्ती अभय ओक यांनी वकिली सुरू केली होती ठाण्याच्याच जिल्हा न्यायालयात. केवळ देव मानत नाही म्हणून हिंदू मुलाचा वडिलोपार्जित मालमत्तेतला वारसाहक्कही जात नाही. पण आईच्या डोळ्यांतल्या पाण्यावर कोर्टाचा निकाल दाखवून काही उपयोग नसतो.

आगरकरांचं घर

हा पेच जुनाच आहे. ‘सुधारक’कार गोपाळ गणेश आगरकर बुद्धिवादी होते. सनातन्यांनी पुण्यात त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. त्यांच्या पत्नी यशोदाबाई मात्र श्रद्धाळू. आगरकरांनी त्यांच्यावर आपली मतं लादली नाहीत. बाहेर जहाल लेख आणि घरात देवपूजा, यात विसंगती दिसते खरी. पण विचारस्वातंत्र्य मागणाऱ्याने ते बायकोलाही दिलं, असंही त्याकडे पाहता येतं, आणि तेच जास्त पटतं.

भांडण नेमकं कशाचं?

बहुतेक घरांत देव आहे की नाही यावर वाद होतच नाही. आईला खटकतं ते मुलाचं न येणं. चार पाहुण्यांसमोर तिला त्याचं उत्तर द्यावं लागतं. म्हणून संकल्प सोडायला न बसताही मोदक वळणारा, मखर बांधणारा, आरतीच्या वेळी दारात उभा राहणारा मुलगा घरात खपून जातो. फॅमिली ग्रुपवर ऐन चतुर्थीला देवावरचा विनोद टाकणारा खपत नाही. उलट बाजूने, ‘तू नवस फेडला नाहीस म्हणून नोकरी गेली’ हे वाक्यही तितकंच लागतं. आणि नास्तिक सुनेला मुलाइतकी सूट क्वचितच मिळते; सोवळ्याचा स्वयंपाक शेवटी तिच्याच गळ्यात पडतो.

काही ठिकाणी मात्र गप्प बसू नये. साप चावलेल्याला दवाखान्यात नेऊ न देता मंत्र घालणं, अंगात आल्याचं सांगून लोकांना घाबरवणं हे 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हे आहेत. घरची पूजा, वारी, भजन, कीर्तन यांना त्या कायद्याने हातही लावलेला नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर हेच सांगत असत, की विरोध शोषणाला आहे, देवाला नाही. घरातही हीच रेघ उपयोगी पडते.

दहाव्याचा प्रश्न

सगळ्यात कठीण वेळ येते ती मृत्यूनंतर. वडील गेले आणि एकुलता मुलगा पिंडदानाला नाही म्हणाला, तर आईला वाटतं, वडिलांचाच मान राखला नाही. इथे एक साधा प्रश्न विचारता येतो: गेलेल्या माणसाची इच्छा काय होती? ती विधींची असेल, तर भाऊ, बहीण किंवा पुतण्या ते करू शकतो आणि मुलगा शेजारी बसू शकतो. ही चर्चा वडील हयात असतानाच झालेली बरी, कारण त्या तेरा दिवसांत कुणीच धड विचार करण्याच्या स्थितीत नसतं.

हे उलटही लागू आहे. नास्तिक माणसाने देहदानाचा फॉर्म भरून कपाटात ठेवला, तरी मेडिकल कॉलेजला कळवायचं आणि देह सोपवायचा तो नातेवाइकांनीच. तो फोन बहुधा घरातलं देव मानणारं माणूसच करतं.