राणीगंजचा ताळेबंद

ईस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड ही कोल इंडियाची उपकंपनी 1990 च्या दशकात आजारी उद्योगांच्या यादीत गेली. संचित तोट्याने तिचे भागभांडवल गिळून टाकले होते आणि प्रकरण औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळापुढे, म्हणजे बीआयएफआरपुढे, गेले होते. त्या काळात या तोट्याची कारणे सांगताना कामगारांची जास्त संख्या, ढिले व्यवस्थापन, संघटनांचा दबाव आणि कोळसाचोरी यांचा उल्लेख सर्रास होई. त्यांतले एकही कारण खोटे नाही. पण ही कारणे ताळेबंदाचे शेवटचे पानच दाखवतात. पहिले पान पाहायचे तर आपल्याला दामोदर नदीच्या काठी अडीचशे वर्षे मागे जावे लागेल.

1774 साली वॉरन हेस्टिंग्जच्या सरकारने जॉन समनर आणि सुटोनियस ग्रँट हीटली या ईस्ट इंडिया कंपनीच्या दोन नोकरांना दामोदरकाठच्या राणीगंज परिसरात कोळसा काढण्याचा परवाना दिला. भारतातल्या व्यापारी कोळसाखाणीचा हा आरंभ मानला जातो, आणि आरंभच अपयशाचा होता. माल हलका निघाला, विलायतेहून जहाजांतून येणाऱ्या कोळशापुढे तो टिकेना आणि उद्योग थंडावला. पुढची चाळीस वर्षे या खाणींकडे कोणी फारसे पाहिले नाही. 1815 च्या सुमारास विल्यम जोन्स नावाच्या इंग्रजाने राणीगंजला पुन्हा खाण सुरू केली. त्याला भांडवल पुरवणारी अलेक्झांडर अँड कंपनी ही कोलकात्याची पेढी 1832 मध्ये बुडाली. तिची मालमत्ता विकली जात असताना 1836 मध्ये द्वारकानाथ टागोरांनी ही खाण 70,000 रुपयांना घेतली. पुढे रवींद्रनाथांचे आजोबा म्हणून ओळखले गेलेले हे गृहस्थ आपल्या काळातले अत्यंत धाडसी व्यापारी होते. दामोदर पावसाळ्यातच भरून वाहायची. वर्षभर काढलेला कोळसा काठावर रचून ठेवायचा आणि पूर आला की नावांतून कोलकात्याकडे रवाना करायचा, असे ते गणित होते. 1843 मध्ये त्यांच्या कार, टागोर अँड कंपनीने प्रतिस्पर्ध्याशी हातमिळवणी केली आणि बेंगॉल कोल कंपनी उभी राहिली. टागोरांची मूळ पेढी त्यांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांत मोडली, पण बेंगॉल कोल कंपनी टिकली. सांक्तोडियाला तिचे मोठे ठाणे होते, आणि ईस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय आजही त्याच सांक्तोडियात आहे.

1855 मध्ये हावड्याहून राणीगंजपर्यंत रेल्वे आली आणि पुराची वाट पाहण्याचे दिवस संपले. रेल्वे स्वतःच कोळशाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक ठरली. विसाव्या शतकाच्या आरंभी देशाचे उत्पादन वर्षाला 60 लाख टनांच्या आसपास होते. 1920 पर्यंत ते 1 कोटी 80 लाख टनांवर पोचले. या भरभराटीचा पाया कसा होता, ते इथे थांबून पाहायला हवे. खाणी व्यवस्थापकीय एजन्सी चालवत आणि त्यांना त्या त्या वर्षाचा नफा हवा असे. जमिनीजवळचा, जाड आणि चांगल्या प्रतीचा थर आधी ओरबाडला जाई. छत तोलून धरण्यासाठी ठेवलेले कोळशाचे खांबही पुढे कापून नेले जात. कोळसा काढलेल्या पोकळीत वाळू भरणे हा जमीन खचू न देण्याचा सर्वज्ञात उपाय होता, पण त्यासाठी पैसा लागे. सरकारने 1939 मध्ये त्यासाठी कायदा केला, तोवर गावेच्या गावे पोकळ जमिनीवर वसली होती. यंत्रांवर खर्च करण्यात मालकांना रस नव्हता, कारण संथाळ आणि बाउरी कुटुंबांचे श्रम स्वस्त होते. बायका 1930 च्या दशकापर्यंत खाणीच्या पोटात काम करत होत्या. मग बंदी आली, आणि दुसऱ्या महायुद्धात कोळसा कमी पडू लागताच 1943 मध्ये ती काही काळ उठवलीही गेली. त्या स्वस्त कोळशाची खरी किंमत कोणी मोजली, याचे उत्तर या एका गोष्टीत सापडते.

स्वातंत्र्यानंतर 1956 मध्ये रेल्वेच्या खाणी घेऊन राष्ट्रीय कोळसा विकास महामंडळ स्थापन झाले, पण राणीगंजच्या बहुतेक खाणी खासगी मालकांकडेच राहिल्या. मोहन कुमारमंगलम केंद्रीय मंत्री असताना निर्णायक वळण आले. आधी 1971-72 मध्ये पोलादाला लागणाऱ्या कोकिंग कोळशाच्या 214 खाणी सरकारने घेतल्या. मग 30 जानेवारी 1973 रोजी उरलेल्या खाणींचे व्यवस्थापन हाती घेतले आणि 1 मे 1973 रोजी 711 खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस कुमारमंगलम विमान अपघातात गेले, आणि आपण घडवलेल्या व्यवस्थेचे पुढे काय झाले हे त्यांना पाहता आले नाही. 1 नोव्हेंबर 1975 रोजी कोल इंडिया स्थापन झाली. नागपूरला वेस्टर्न कोलफिल्ड्सचे ठाणे झाले, तर राणीगंजच्या वाट्याला ईस्टर्न आली. या नव्या कंपनीला शेकडो लहानमोठ्या जुन्या खाणी मिळाल्या. जुन्या पोकळ्या, पाण्याने भरलेले बोगदे आणि जळते थरही मिळाले. ताबा घेताना अनेक ठिकाणी कामगारांच्या याद्या फुगल्या होत्या, आणि ती माणसेही कंपनीने सामावून घेतली.

राष्ट्रीयीकरणाने कामगाराला पहिल्यांदा माणसासारखे वेतन, घर, दवाखाना आणि मृत्यूनंतर वारसाला नोकरी दिली. हे व्हायलाच हवे होते, आणि फार उशिरा झाले. मात्र खर्च वाढला तरी कोळशाचा भाव कंपनीच्या हाती नव्हता. महायुद्धकाळातल्या नियंत्रणाच्या आदेशातून आलेला भाव ठरवण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवला होता. वीज आणि पोलाद स्वस्त राहावे म्हणून भाव दाबून ठेवले जात, आणि वीज मंडळांकडची बिले वर्षानुवर्षे थकत. काही प्रतींचे भाव 1996 मध्ये खुले झाले, संपूर्ण मोकळीक 1 जानेवारी 2000 रोजी मिळाली. तोवर ईस्टर्न आजारी ठरली होती. इतर उपकंपन्यांत उघड्या खाणींतून राक्षसी यंत्रे कोळसा उपसत होती. राणीगंजमध्ये मात्र माणसे खोल बोगद्यांत उतरून टोपल्यांनी कोळसा भरत होती. भूमिगत खाणींत मनुष्यबळाचा मोठा हिस्सा गुंतलेला आणि उत्पादनातला त्यांचा वाटा लहान, या विषमतेत एकही व्यवस्थापक नफा दाखवू शकला नसता.

13 नोव्हेंबर 1989 रोजी राणीगंजच्या महावीर खाणीत जुन्या बोगद्यांतले पाणी घुसले. 71 माणसे आत अडकली. अभियंता जसवंतसिंग गिल यांनी वरून भोक पाडून त्यातून पोलादी पिंजरा खाली सोडला, स्वतः त्यात बसून उतरले आणि 65 जणांना एकेक करून वर काढले. सहा जण वाचू शकले नाहीत. ज्या कंपनीला पुढच्या दशकात निकम्मी ठरवले गेले, तिच्याच लोकांनी हा पराक्रम केला. आणि जे पाणी आत शिरले, ते आधीच्या खोदकामाने मागे सोडलेले होते.

कंपनी सावरण्याचा पुढचा मार्ग झारखंडमधल्या गोड्डा जिल्ह्यातून गेला. कॅनडाच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या राजमहलच्या उघड्या खाणीने फरक्का आणि कहलगावच्या वीजकेंद्रांना कोळसा पुरवला आणि कंपनीचा तोल सांभाळला. कोल इंडियाने दिलेल्या कर्जांची फेरमांडणी झाली, पुनरुज्जीवनाची योजना मंजूर झाली, अनेक भूमिगत खाणी बंद झाल्या आणि कामगारसंख्या निवृत्तीने घटत गेली. कंपनी बीआयएफआरमधून बाहेरही आली. पण राजमहलच्या लालमटियात डिसेंबर 2016 मध्ये ढिगारा कोसळून 23 कामगार गेले, म्हणजे उघडी खाणही बिनधोक नव्हती. कोरोनाच्या काळात कंपनी पुन्हा तोट्यात गेली.

खचत्या आणि जळत्या जमिनीवर राहणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी केंद्राने 2009 मध्ये राणीगंज आणि झरिया या कोळसाक्षेत्रांची योजना मंजूर केली. ते काम अजून पुरे झालेले नाही. एजन्सी कंपन्यांनी न भरलेली वाळू आणि दाबलेल्या भावातून मिळालेली स्वस्त वीज यांचा हिशोब ईस्टर्न कोलफिल्ड्सच्या एकटीच्या खात्यावर टाकणे अन्यायाचे आहे. हा भार देशाच्या अर्थसंकल्पाने उचलायला हवा, आणि कंपनीचा कारभार त्यानंतर उरलेल्या आकड्यांवरून जोखायला हवा.