कॉटन ग्रीनला कापूस कुठून आला?

मागच्या भागाखाली अकोल्याच्या एका मित्रानं विचारलं होतं, 'भाऊ, मुंबईचा कोस्टल रोड, समुद्रातले खांब, कोळीवाडे, हे सगळं आपल्याले कायले? आपल्याकडं तं पूर्णा उन्हाळ्यात आटते!' प्रश्न बरोबर आहे. पण उत्तर शोधायला गेलो तर मुंबईच्या बंदराच्या इतिहासात पानोपानी आपला कापूस सापडला.

रेल्वे येण्याआधीपासून सुरू करू. अमरावतीचा कापूस तेव्हा मुंबईलाच जायचा असं नाही. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरला जात, तिथून होडीनं कलकत्त्याला. १८४२ मध्ये अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्यानं एक लाख बैलांची लादणी कलकत्त्याकडं पाठवली, अशी नोंद गॅझेटियरमध्ये आहे. एक लाख! थोडं मीठ लावून ऐका, पण एवढ्या लांबच्या वाटेवर पावसात किती माल भिजला असेल याचा विचार करा.

१८५३ मध्ये निजामानं फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. त्याच वर्षी, १६ एप्रिलला, बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली. दोन्ही एकाच वर्षी झालं हा योगायोग. मात्र पुढं मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांची नजर आपल्या काळ्या मातीवर पडली, तो योगायोग नव्हता.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथला कापूस अडकला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्यातला बराचसा पैसा गेला कुठं? समुद्रात. म्हणजे समुद्र बुजवण्यात. पूर्वेकडं एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी भराव घालत होती. नाव नीट ऐका, लँड अँड 'प्रेस'. आपल्याकडं 'जिन-प्रेस' म्हणतो, तीच प्रेस, रुईच्या गाठी बांधणारी. जीआयपी रेल्वेला मालधक्क्यासाठी जागा भरून देण्याचा करारही याच कंपनीचा. आणि पश्चिमेकडं बॅक बे कंपनीचे शेअर मूळ किमतीच्या कैक पटींनी विकले जात होते. प्रेमचंद रायचंद हे या खेळातलं सगळ्यात मोठं नाव.

वऱ्हाडच्या शेतकऱ्याची गंमत इथं आहे. गंमत म्हणजे थट्टाच. तेजी भरात होती तेव्हा वऱ्हाडभर रूळ पोचलेच नव्हते. १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं, भाव कोसळला, १ जुलैला मुंबईत सौद्यांची मुदत भरली आणि पेढ्या, बँका पत्त्यांसारख्या पडल्या. नागपूरपर्यंतची लाइन पूर्ण झाली १८६७ मध्ये. बडनेऱ्याहून अमरावतीचा छोटा फाटा आला १८७१ मध्ये. लग्न उरकल्यावर वाजंत्री यावी तसं. भाव उतरले तरी पेरा मात्र कापसाचाच वाढत गेला, कारण आता गाडी दारात होती. नंतर मूर्तिजापूरला मिळणारी 'शकुंतला'ही कापसासाठीच टाकलेली. आपले आजी-आजोबा तिच्यात बसले, पण तिचा खरा प्रवासी गाठीच होत्या.

मुंबईचं काय झालं? शहराची लोकसंख्या १८६४ च्या गणतीत ८,१६,५६२ होती. १८७२ मध्ये ६,४४,४०५. तेजीत आलेली माणसं निघून गेली. बॅक बे कंपनी बुडाली. जी पट्टी भरून झाली होती तिच्यावरून पुढं बीबीसीआय रेल्वेचे रूळ गेले, म्हणजे तुमची आजची चर्चगेट लोकल. एल्फिन्स्टन कंपनीची जागा सरकारनं १८७० मध्ये विकत घेतली, १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट झाला आणि मग ससून डॉक १८७५, प्रिन्सेस डॉक १८८०.

पालिकेची गोष्टही इथंच आहे. १८६५ मध्ये आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर झाले, तेच मार्केटवाले. कामं धडाक्यात, खर्चही धडाक्यात. करदाते चिडले, १८७१ मध्ये त्यांना जावं लागलं आणि १८७२ च्या कायद्यानं ६४ जणांची पालिका आली, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले. करदाते म्हणजे मोठा कर भरणारे, बरं का. मांडवी, माझगावच्या किनाऱ्यावर जाळी वाळवणाऱ्या कोळ्याला त्यात जागा कुठं? आणि ज्याच्या कापसावर गोदी उभी राहिली तो वऱ्हाडी कास्तकार तर पाचशे-सहाशे किलोमीटर लांब. भराव पडत गेला, मांडवीचा कोळीवाडा पाण्यापासून दूर गेला.

म्हणून कोस्टल रोडच्या बातम्या मी लक्ष देऊन वाचतो. २०१८ मध्ये काम सुरू झालं. २०१९ च्या जुलैमध्ये हायकोर्टानं मंजुरी रद्द केली, डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं काम पुन्हा सुरू करू दिलं. वरळीच्या कोळ्यांचं म्हणणं एकच होतं, दोन खांबांमधलं ६० मीटर अंतर आमच्या होड्यांना धोक्याचं आहे, १६० करा. त्यांनी काम अडवलं, बैठका झाल्या आणि २०२२ मध्ये पालिकेनं एक खांब कमी करून १२० मीटर मान्य केलं. मागितलं तेवढं मिळालं नाही. पण १८६० च्या दशकात असं एक मीटरही कुणी सोडलं नव्हतं. मार्च २०२४ मध्ये रस्त्याचा पहिला भाग खुला झाला.

हार्बर लाइनवर कॉटन ग्रीन नावाचं स्टेशन आहे. पोर्ट ट्रस्टनं भराव घालून काढलेल्या जमिनीवर कापसाची गोदामं आणि १९२० च्या दशकात कापसाचा बाजार इथं आणला, त्यावरून हे नाव. मी मुद्दाम उतरलो होतो. बाहेर चहावाल्याला विचारलं, 'इथं कापूस कुठं मिळतो?' तो म्हणाला, 'कसला कापूस? मेडिकलमध्ये बघा ना.'