घोट्याला विश्रांती कोणी सांगितली?

पाय मुरगळला की आपल्याकडे घरात, तालमीत आणि दवाखान्यात साधारण एकच क्रम सांगितला जातो. आंबेहळदीचा लेप किंवा बर्फ लावा, पट्टी बांधा, पाय उशीवर ठेवा. सूज उतरली की चाला आणि दुखायचे पूर्ण थांबले की मग धावा. यात घोटा आधी बरा होतो आणि धावणे त्यानंतर येते. हा क्रमच तपासून पाहायला हवा. महिनोन्महिने रेंगाळणारे, पुन्हा पुन्हा मुरगळणारे घोटे सर्रास दिसतात, आणि वैद्यकाचा इतिहास चाळला तर लांबलचक विश्रांतीचा आग्रह प्रामुख्याने वेगळ्याच आजारापायी रुजल्याचे दिसते. हळूहळू वाढवलेला भार हा उपचाराचाच भाग आहे, ही जाण मात्र निरनिराळ्या काळात निरनिराळ्या लोकांना आली होती आणि दर वेळी ती मागे पडली.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातला तिसरा अध्याय मोडलेल्या हाडांचा आणि निखळलेल्या सांध्यांचा आहे. झाडांच्या साली आणि बांबू यांच्या पट्ट्या बांधाव्यात, ऋतुमानाप्रमाणे तीन, पाच किंवा सात दिवसांनी बंध बदलावा, असे तिथे सांगितले आहे. रुग्णाने व्यायाम करू नये, असेही स्पष्ट म्हटले आहे. पण तळहाताला इजा झाली असेल तर पुढची पायरी वेगळी आहे: आधी मातीचा गोळा धरायचा, मग मिठाचा खडा, आणि हातात बळ आल्यावर दगड. ही सूचना घोट्यासाठी नाही, आणि त्यावरून प्राचीनांना सारे ठाऊक होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तरीही एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. बळ परत येण्याची वाट पाहत बसण्याऐवजी ते भार वाढवत आणायचे असते, हा विचार तिथे पायरीपायरीने मांडलेला आहे.

विश्रांतीला शास्त्राची प्रतिष्ठा मिळाली ती एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये. जॉन हिल्टन यांनी १८६० ते १८६२ या काळात दिलेली विश्रांती आणि वेदना यांविषयीची व्याख्याने पुढे ग्रंथरूपाने गाजली. लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस यांनी तर सांध्याला सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती हवी, असा सिद्धांतच मांडला. त्यामागे ठोस कारण होते. त्यांच्यासमोर येणारे कितीतरी सांधे क्षयाने पोखरलेले असत. क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसीन हे औषध १९४३ साली सापडले. त्याआधी असा सांधा स्थिर ठेवण्यावाचून फारसा इलाज नव्हता. क्षयाच्या सांध्याला जे तारक ठरले, ते मुरगळलेल्या निरोगी सांध्यालाही लागू झाले, आणि तिथे घोटाळा झाला. गंमत म्हणजे थॉमस स्वतः वेल्समधल्या हाडवैद्यांच्या घराण्यातले होते, आणि हाडवैद्यांची ख्याती नेमकी उलट गोष्टीसाठी होती: आखडलेला सांधा हलवून मोकळा करण्यासाठी. सर जेम्स पॅजेट यांनी १८६७ साली 'हाडवैद्य बरे करतात ते रुग्ण' या विषयावर व्याख्यान देऊन सहकाऱ्यांना बजावले की यांच्याकडून चांगले ते शिका. वॉर्टन हूड या डॉक्टरने रिचर्ड हटन नावाच्या हाडवैद्याची पद्धत शिकून १८७१ साली ती लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापली. फ्रान्समध्ये ल्यूका-शांपियोनिएर यांनी तर अस्थिभंगालाही मालिश आणि हालचाल द्यावी, असे १८९५ साली पुस्तक लिहून सांगितले. हाडवैद्यांनी सांधे बिघडवलेही, क्षयाचा गुडघा पिरगाळून रुग्णाला आयुष्यभराचे अपंगत्व दिले, हा आक्षेप खरा आहे. पण त्यातून निघतो तो निदानाचा धडा. सरसकट सगळ्यांना झोपवून ठेवण्याचे समर्थन त्यातून निघत नाही.

घोट्यापुरता निर्णायक पुरावा १९६५ सालचा आहे. लंडनमध्ये मायकेल फ्रीमन यांनी बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध फाटलेल्या रुग्णांचा पाठपुरावा केला. बरेच जण महिन्यांनंतरही 'पाय दगा देतो' अशी तक्रार करत होते, पण त्यातल्या बहुतेकांचा सांधा तपासताना सैल लागत नव्हता. फ्रीमन यांनी लावलेली उपपत्ती अशी: अस्थिबंधात मज्जातंतूंची टोके असतात, पाऊल कुठे कलले आहे याची खबर ती देतात, अस्थिबंध फाटताना तीही तुटतात आणि स्नायूंना सावरायचा इशारा वेळेवर मिळत नाही. डुगडुगत्या फळीवर तोल साधण्याचा सराव केलेल्या रुग्णांमध्ये ही तक्रार बरीच कमी आढळली. त्यांच्या उपपत्तीचा तपशील पुढे वादग्रस्त ठरला, फळीचा उपयोग मात्र टिकला. रेंगाळणाऱ्या दुखापतीचे कोडे इथे उलगडते. वेदना थांबलेली असते, सूजही नसते, पण सावरण्याची शिकवण कोणी परत दिलेली नसते. खडबडीत रस्त्यावर पहिल्याच आठवड्यात पाय पुन्हा वळतो तो त्यामुळे.

एवढे हाती असूनही १९७८ साली गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरने 'राइस' हे सूत्र दिले: रेस्ट, आइस, कॉम्प्रेशन, एलिव्हेशन. चार अक्षरे जगभर पसरली. सांगायला सोपा, बिनखर्चाचा आणि अंगाशी न येणारा सल्ला असाच पसरतो. साडेतीन दशकांनी मर्किन यांनीच लिहिले की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी बरे होणे लांबू शकते. तोवर सूत्र पाठ झाले होते. २०१२ साली ब्रिटिश संशोधकांनी 'रेस्ट' काढून त्या जागी 'योग्य भार' घातला.

माझ्या या म्हणण्याविरुद्ध सर्वांत वजनदार पुरावा २००९ सालचा आहे, आणि तो टाळता येत नाही. ब्रिटनमधल्या ५८४ रुग्णांच्या चाचणीत, तीव्र मुरगळीत दहा दिवस गुडघ्याखाली प्लास्टर घातलेले लोक नुसती लवचीक पट्टी बांधलेल्यांपेक्षा तीन महिन्यांनी अधिक चांगले होते. म्हणजे स्थिरता वाईट नाही. पण ते दहाच दिवस होते, ज्यांना पाय टेकवताच येत नव्हता अशांसाठी होते, आणि नऊ महिन्यांनी फरक उरला नव्हता. थोडा काळ आधार देऊन मग हालचालीकडे वळणे माझ्या म्हणण्याशी जुळतेच. हाड मोडले असेल तर काय, ही भीतीही रास्त आहे. त्यासाठी १९९२ पासून ओटावाचे नियम आहेत. चार पावले टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबून दुखत असेल, तर आधी एक्स-रे.

पुन्हा धावायला कधी लागायचे, याचे उत्तर कॅलेंडरकडे मागण्याची सवय याच विश्रांतीप्रधान विचाराची देणगी आहे. २०२१ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी सहमतीने ठरवलेल्या निकषांत दिवसांचा आकडा नाही. दुखणे, घोट्याची ताकद आणि लवचीकता, तोल, उडी व दिशाबदल, आणि धावणाऱ्याचा स्वतःचा भरवसा हे तपासायचे असते. नेदरलँड्समधल्या ५२२ खेळाडूंना २००९ सालच्या चाचणीत नेहमीचे उपचार मिळालेच. त्यांतल्या अर्ध्यांना आठ आठवड्यांचा तोलाचा व्यायाम घरच्या घरी, कोणाच्या देखरेखीशिवाय करायला दिला. वर्षभरात त्यांच्यातल्या २२ टक्क्यांचा पाय पुन्हा मुरगळला, इतरांमधल्या ३३ टक्क्यांचा. २००४ पासून मुंबई मॅरेथॉनने हजारो नव्या लोकांना धावायला लावले आहे. त्यांच्यापैकी कोणी लंगडत दवाखान्यात आला, तर चिठ्ठीवर गोळ्या आणि क्रेप बँडेज यांच्या खालीच या आठ आठवड्यांचा व्यायामही लिहून दिला पाहिजे.