हवेनं हिशेब करायचे दिवस: फ्लुइडिक्सची गोष्ट

जालन्यातल्या एखाद्या डाळ मिलमध्ये सॉर्टेक्स मशीन चालताना पाहिलंय का? कॅमेरा काळा दाणा हेरतो आणि हवेचा बारीक झोत तो बाजूला उडवतो. ठरवायचं काम इलेक्ट्रॉनिक्सचं, हवा फक्त हुकूम पाळते. पण १९६० च्या दशकात ठरवायचं कामही हवेकडेच देण्याचा जोरदार प्रयत्न झाला होता. त्याचं नाव फ्लुइडिक्स.

१९६० मध्ये वॉशिंग्टनमधल्या लष्करी प्रयोगशाळेतल्या हॉर्टन, बोल्स आणि वॉरन यांचं काम जाहीर झालं. तत्त्व सोपं आहे. दोन भिंतींमधून झोत सोडला की तो आजूबाजूची हवा ओढतो. ज्या भिंतीजवळ दाब कमी होतो, तिला तो चिकटतो. हा कोआंडा परिणाम. आता त्या भिंतीतल्या छिद्रातून छोटी फुंकर मारा. झोत पलटून समोरच्या भिंतीला चिकटेल आणि फुंकर थांबली तरी तिथेच राहील. म्हणजे एक बिट लक्षात राहिला! तोही एकही भाग न हलवता.

१९६४ मध्ये युनिव्हॅकनं सुमारे २५० नॉर गेट्सचा, हवेवर चालणारा फ्लोडॅक हा छोटा संगणक करून दाखवला.

मग हे मागे का पडलं? 'कल्पनाच खुळी होती' असं लगेच लिहू नका. उष्णता आणि किरणोत्सर्ग यांत ही सर्किट्स टिकत, तेव्हाची इलेक्ट्रॉनिक्स बिघडे. अडचण वेगाची होती. हवेतला संदेश फार तर ध्वनीच्या वेगानं, सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. एक मीटर नळीलाच जवळपास तीन मिलिसेकंद! शिवाय काम असो-नसो, हवा सतत पुरवावी लागते. तिकडे १९५८-५९ मध्ये जन्मलेली इंटिग्रेटेड सर्किट्स वर्षागणिक लहान, वेगवान आणि स्वस्त होत गेली.

तरी गोष्ट संपली नाही. २००७ मध्ये एमआयटीत मनू प्रकाश आणि नील गर्शेनफेल्ड यांनी सूक्ष्म नळ्यांतल्या बुडबुड्यांनी लॉजिक गेट्स चालवली. वेग इथेही कमीच. पण बुडबुडा बिटही असतो आणि रसायन वाहून नेणारं भांडंही. ते इलेक्ट्रॉनला कुठून जमणार?

म्हणून लिटरेचर रिव्ह्यू करताना जुना विषय 'आउटडेटेड' म्हणून खोडण्याआधी एक ओळ लिहा: हा कोणत्या अटीवर हरला? ती अट तुमच्या प्रश्नात नसेल, तर तो पेपर पुन्हा उघडा.