सुटा भाग सुटला पाहिजे : जुन्या फाउंटन पेनांच्या दुरुस्तीची गोष्ट

टेबलावर ठेवलेलं पेन पहिल्या रांगेतल्यांना दिसत असेल, मागच्यांसाठी सांगतो. हे पार्कर कंपनीचं 'व्हॅक्युमॅटिक'. सेल्युलॉइडच्या चकचकीत आणि पारदर्शक पट्ट्या एकाआड एक, म्हणजे आत शाई किती उरली ते बाहेरून कळावं. एक बाई हे पेन आमच्याकडे घेऊन आल्या. वडिलांचं पेन. वडील गेल्यावर कपाटात पडून राहिलेलं. त्यांची अपेक्षा एवढीच, की यातून पुन्हा शाई उतरावी.

उघडलं तर आतल्या रबरी पडद्याचे तुकडे झालेले आणि शेपटाकडचं छोटं टोपण हरवलेलं. निब मात्र शाबूत. म्हणजे दोन सुटे भाग हवे होते, आणि पेन तर कित्येक दशकांपूर्वी बनायचं बंद झालेलं. मग भाग आणायचे कुठून? आजची गोष्ट या प्रश्नाची आहे.

गंमत बघा, पार्कर हे नावच मुळात दुरुस्तीतून पुढे आलं. जॉर्ज पार्कर हे अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या जेन्सव्हिल गावी तारायंत्र शिकवणारे मास्तर. पगाराला जोड म्हणून ते विद्यार्थ्यांना दुसऱ्या एका कंपनीची पेनं विकायचे. पेनं गळायची, मुलं परत आणायची, आणि मास्तर हत्यारं घेऊन ती दुरुस्त करत बसायचे. दुसऱ्यांची पेनं उघडता उघडता ती का गळतात हे त्यांना कळलं. १८८८ साली त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि पुढच्याच वर्षी पहिलं पेटंट घेतलं.

त्या काळच्या पेनात भाग तरी किती होते? टोपण, पोकळ नळी, निब बसते तो तोंडाचा भाग, निब आणि निबेखालची जीभ. १८८४ साली न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमन यांनी पेटंट घेतलं ते या जिभेचं. तिच्यातल्या बारीक खाचांतून शाई खाली उतरते आणि हवा वर जाते. शाई ड्रॉपरनं भरायची. पेनाचं अंग एबोनाइटचं, म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेल्या रबराचं. आत मऊ, नाजूक असं काही नाही. असं पेन पन्नास वर्षांनी काढा, धुवा, पुष्कळदा ते लिहायला लागतं.

पण ड्रॉपरनं हात काळे होतात. लोकांना सोय हवी होती. आयोवामधले जवाहिर वॉल्टर शेफर यांनी १९०८ साली खटक्याच्या पेनाचं पेटंट घेतलं. आत रबरी ट्यूब, तिच्यावर धातूची पट्टी. बाजूचा खटका उचलला की पट्टी ट्यूब दाबते, सोडला की ट्यूब फुगते आणि शाई ओढून घेते. सोय आली, पण तिच्याबरोबर पेनात एक मरणारा भागही आला. रबर कडक होतं, तडकतं. आमच्याकडे येणारी खटक्याची जुनी पेनं हलवली, तर आत वाळलेल्या शेंगेसारखा खुळखुळाट होतो.

तरी या पेनांची दुरुस्ती आजही सोपी आहे. का? ट्यूब मरणार हे बनवणाऱ्यांनाही ठाऊक होतं, म्हणून ती बदलायचीच असं धरून पेन बांधलं होतं. ट्यूबची मापं इंचाच्या चौसष्टाव्या भागात ठरलेली : सोळा नंबर म्हणजे सोळा चौसष्टांश, पाव इंच. त्याच नंबरांनी नवी ट्यूब आजही मिळते. ती तोंडाच्या भागावर चिकटवायची लाखेनं. हो, आपली पळस-कुसुमावरची लाख; बांगड्यांत आणि टपालाच्या मोहरेत असायची तीच. तिचे पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवले की चिकट रोगण तयार होतं. ते शाईला दाद देत नाही, पण थोडी ऊब लागली की सोडतं.

हे 'सोडतं' फार महत्त्वाचं. सुरुवातीच्या दिवसांत आम्ही एकदा लाखेचा कंटाळा केला आणि बाजारातला झटपट गोंद वापरला. ट्यूब पक्की बसली. काही वर्षांनी तेच पेन परत आलं, आणि जुनी ट्यूब काढताना आम्हाला तोंडाचा मूळ भागच कापावा लागला. तेव्हापासून आमच्याकडे एक नियम आहे. मराठीत आपण 'सुटा भाग' म्हणतो, तो शब्दच सगळं सांगतो : सुटा भाग सुटला पाहिजे. आपल्यानंतर पेन उघडणाऱ्याला तो काढता आला पाहिजे.

पुढे कंपन्यांना ट्यूबही नको झाली. जर्मनीच्या पेलिकननं १९२९ साली मागची घुंडी फिरवून दट्ट्या वरखाली करणारं पेन काढलं. त्या दट्ट्याला सुरुवातीला बूच असायचं. बूच वाळलं की आक्रसतं आणि शाई मागे झिरपते. चांगल्या बुचातून नवं वर्तुळ कापायचं, घासत घासत मापावर आणायचं, मेणात मुरवायचं. एवढं हातानं जमतं. पार्करनं १९३३ च्या सुमारास व्हॅक्युमॅटिक आणलं. 'यात ट्यूब नाही' हीच त्याची जाहिरात. पण ट्यूबऐवजी आत रबरी पडदा होताच, आणि रबर ते रबरच. पडदे नव्यानं बनतात, विकत मिळतात. अडचण ते बसवण्याची. भरण्याची सगळी यंत्रणा बारीक आट्यांनी नळीत घट्ट बसलेली. पक्कडीनं धरली तर आटेच चुरडतात. त्याच मापाचे आटे असलेला, दोन भागांत उघडणारा ठोकळा लागतो. कित्येक दुरुस्तीवाले तो स्वतः बनवतात. म्हणजे आधी हत्यार बनवा, मग भाग बसवा.

इथे आपल्याकडची एक आठवण सांगायला हवी. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी १९३० च्या दशकात लेथवर एबोनाइटचा दांडा कातून स्वदेशी पेन बनवलं. ते वर्ध्याला गांधीजींपर्यंत पोचलं, आणि परदेशी पेनाला हा चांगला पर्याय आहे असं त्यांनी १९३५ साली पत्रानं कळवलं. आम्हाला या पेनाचं महत्त्व वेगळ्या कारणानं वाटतं. लेथवर जन्मलेल्या पेनाचं टोपण हरवलं, तर दुसऱ्या लेथवर दुसरं टोपण होऊ शकतं. मोठ्या कारखान्यातल्या साच्यांवर बनलेल्या पेनाचं तसं नसतं. साचे मोडीत गेले की भाग संपले.

मग अशा पेनाचा भाग करायचा कसा? पहिली अडचण आट्यांची. जुन्या पेनांचे आटे आजच्या बाजारी मापांत क्वचितच बसतात. शिवाय टोपण एका फेऱ्यात निघावं म्हणून तिथे पुष्कळदा तीन-चार आटे शेजारी-शेजारी सुरू केलेले असतात. दुकानातला टॅप एकेरी आटा पाडतो. तेव्हा लेथवर एकेक आटा वेगळा कातायचा, किंवा खास टॅप घडवून घ्यायचा. दुसरी अडचण मालाची. एबोनाइटचे दांडे आजही मिळतात, पण नवा भाग काळाकुळकुळीत आणि जुनं पेन उजेडानं तपकिरी झालेलं. सेल्युलॉइडची तर आणखी वेगळी तऱ्हा. ते जास्त तापवलं तर पेट घेतं. आणि फिक्या रंगाच्या पेनात रबरी ट्यूब घातली, तर तिच्यातलं गंधक हळूहळू रंग काळवंडवतं. तिथे सिलिकोनची ट्यूब बरी.

आता बाईंच्या पेनाकडे येऊ. पडदा नवा घातला. टोपणासाठी सोपी वाट होती : जुन्या बाजारात तसंच दुसरं पेन मिळालं, त्याचं टोपण काढून याला लावायचं. या धंद्यात हे रोज चालतं, आम्हीही करतो. पण ते दुसरं पेन दुरुस्त होण्यासारखं होतं. एक वाचवण्यासाठी लिहू शकणारं दुसरं पेन पांगळं करायचं का? अशी जोडी-जोडी करून मोडत गेलो, तर या पेनांची संख्या निम्मी व्हायला कितीसा वेळ लागेल?

आम्ही आटे मोजले आणि लेथवर काळ्या एबोनाइटचं साधं टोपण कातलं. पट्ट्यांची नक्कल केली नाही. आतल्या बाजूला सुईनं साल कोरलं, म्हणजे उद्या कुणी ते मूळचं म्हणून विकणार नाही.

बाईंनी पेन हातात घेतलं, टोपणाकडे पाहिलं आणि विचारलं, "इतकं बदललंत. मग हे बाबांचंच राहिलं ना?"

आम्ही त्यांना निब दाखवली. निबेला आम्ही हात लावला नव्हता. फक्त धुतली होती. तिचं टोक एका बाजूनं किंचित झिजलं होतं. वर्षानुवर्षं एकाच हातानं, एकाच कलानं लिहिल्यावर टोक असं झिजतं. ते आम्हाला लेथवर करता येत नाही. त्यांनी कागदावर एक ओळ लिहिली, पेन बोटांत थोडं फिरवलं, पुन्हा लिहिलं. "ते असं तिरकं धरायचे," त्या म्हणाल्या.

हा नवा पडदाही कधीतरी कडक होणार. म्हणून पेनाच्या डबीत आम्ही एक चिठ्ठी ठेवली आहे : काय बदललं, कोणत्या मापाचं, कशानं चिकटवलं. बाईंनी आजच्यापुरतं पेन आपल्याला दिलं आहे. पुढे या, बघा, हातात घ्या. फक्त टोपण हळू फिरवा. आता प्रश्न घेऊ.