स्कॉटिश विद्यापीठांतील तत्त्वज्ञान व पदार्थविज्ञान यांचे सहाध्ययन (१७०८–१८९२)

प्रथम पदवीच्या अभ्यासक्रमात तत्त्वज्ञान आणि पदार्थविज्ञान यांची सांगड घालावी काय, हा प्रश्न सामान्यतः आधुनिक मानला जातो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑक्सफर्डसारख्या विद्यापीठांनी या दोन विषयांच्या संयुक्त पदव्या सुरू केल्या, आणि परस्परांपासून दूर गेलेल्या दोन शास्त्रांना पुन्हा जवळ आणण्याचा उपक्रम म्हणून त्यांच्याकडे पाहिले जाते. तथापि, या दोन विषयांचे सहाध्ययन हा नियम होता आणि त्यांचे पृथक्करण हीच नवी गोष्ट होती, असा एक कालखंड युरोपच्या शिक्षणेतिहासात होऊन गेला आहे. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील स्कॉटलंडची विद्यापीठे हे त्याचे ठळक उदाहरण होय. तेथे पदार्थविज्ञानाचे नावच मुळी ‘नॅचरल फिलॉसफी’, म्हणजे निसर्ग-तत्त्वज्ञान, असे होते. हे सहाध्ययन नेमके कशामुळे टिकले, त्यातून काय साधले आणि ते का विरले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

महाराष्ट्राच्या शिक्षणेतिहासाशी परिचय असलेल्या वाचकास हे नाव अगदीच अनोळखी वाटणार नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात दादाभाई नौरोजी ज्या अध्यासनावर होते ते ‘गणित व नॅचरल फिलॉसफी’ यांचे होते. पुढे त्याच कॉलेजाचे प्राचार्य आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झालेले सर अलेक्झांडर ग्रँट हे ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे संपादक होते. १८६८ साली मुंबई सोडून ते एडिंबरो विद्यापीठाचे प्रमुख झाले आणि त्या विद्यापीठाचा इतिहासही त्यांनीच लिहिला. ज्या विद्यापीठाची सूत्रे त्यांनी हाती घेतली, त्याची जुनी शिक्षणपद्धती तेव्हा अखेरच्या पर्वात होती.

स्कॉटिश पद्धतीचे मूळ ‘रीजंट’ या संस्थेत सापडते. सतराव्या शतकात एकच अध्यापक आपल्या वर्गाला सर्व वर्षे सर्व विषय शिकवी. ग्रीक, तर्कशास्त्र, नीतिशास्त्र आणि निसर्ग-तत्त्वज्ञान हे सर्व एकाच मुखातून विद्यार्थ्याच्या कानी पडत असे. एडिंबरोने ही प्रथा १७०८ मध्ये आणि ग्लासगोने १७२७ मध्ये मोडली व प्रत्येक विषयास स्वतंत्र प्राध्यापक नेमले. ॲबर्डीनच्या किंग्ज कॉलेजात मात्र ती अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालू राहिली. अध्यापक वेगळे झाले तरी विद्यार्थी वेगळे झाले नाहीत, ही गोष्ट येथे ध्यानात घेणे आवश्यक आहे. लॅटिन, ग्रीक, गणित, तर्कशास्त्र, नीति-तत्त्वज्ञान आणि निसर्ग-तत्त्वज्ञान हा क्रम धर्मोपदेशक होऊ इच्छिणाऱ्यास, वकिलीकडे वळणाऱ्यास आणि पुढे गणिती होणाऱ्यास सारखाच लागू होता. चौदा-पंधरा वर्षांची मुलेही या वर्गांत बसत. त्यांच्यापैकी अनेक जण पदवी न घेताच बाहेर पडत. परंतु वर्ग मात्र ते सर्व करीत.

या दोन विषयांचा क्रम कसा असावा, हा त्या काळी खऱ्या वादाचा विषय होता. जुन्या रीतीप्रमाणे तर्कशास्त्र आधी व निसर्ग-तत्त्वज्ञान नंतर येई. विचाराचे नियम प्रथम शिकावेत आणि मग ते सृष्टीस लावावेत, ही त्यामागील भूमिका होती. ॲबर्डीनच्या मॅरिशल कॉलेजाने १७५३ मध्ये हा क्रम बदलला. अलेक्झांडर जेरार्ड यांनी १७५५ साली प्रसिद्ध केलेल्या योजनापत्रात या बदलाचे समर्थन केले. तर्कशास्त्र हे इतर शास्त्रांतील युक्तिवादांचे परीक्षण होय. ज्याच्यापाशी परीक्षणासाठी काही ज्ञानच नाही त्याला ते शिकवणे व्यर्थ होय, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. म्हणून इतिहास, गणित व निसर्ग-तत्त्वज्ञान आधी आणि तर्कशास्त्र व तत्त्वमीमांसा शेवटी, अशी मांडणी करण्यात आली. तत्त्वज्ञान हे विज्ञानाचे द्वार आहे की त्याचे शिखर आहे, हा प्रश्न येथे वेळापत्रकाच्या रूपाने उभा राहिला होता.

याच वातावरणात टॉमस रीड यांची जडणघडण झाली. १७५१ पासून किंग्ज कॉलेजात रीजंट या नात्याने ते निसर्ग-तत्त्वज्ञान, गणित आणि मनोव्यापारांचे तत्त्वज्ञान असे सर्व विषय शिकवीत. त्यापूर्वीच, १७४८ मध्ये, त्यांचा ‘परिमाण’ या विषयावरील निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. गतिमान वस्तूचे बल वेगाच्या प्रमाणात मोजावे की वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, हा वाद तेव्हा युरोपभर गाजत होता. हा वाद प्रयोगाने सुटण्यासारखा नसून ‘मोजणे’ म्हणजे काय हे ठरविल्याशिवाय त्याला अर्थच नाही, अशी दिशा रीड यांनी घेतली. पदार्थविज्ञानातील एका अडचणीचे मूळ व्याख्येत आहे हे ओळखण्यासाठी दोन्ही शास्त्रांचा सराव लागतो, आणि रीड यांना तो होता. १७६४ मध्ये ते ॲडम स्मिथ यांच्यानंतर ग्लासगो येथे नीति-तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले.

एडिंबरोमध्ये अध्यासने वेगळी होती, तरी त्यांवरील माणसे एका अध्यासनावरून दुसऱ्यावर जात. ॲडम फर्ग्युसन १७५९ मध्ये निसर्ग-तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले आणि १७६४ मध्ये नीति-तत्त्वज्ञानाचे. ड्यूगल्ड स्ट्यूअर्ट हे गणिताचे प्राध्यापक. फर्ग्युसन अमेरिकेस गेले असता त्यांनी गणिताबरोबर त्यांचा नीति-तत्त्वज्ञानाचा वर्गही चालविला आणि १७८५ मध्ये ते त्याच अध्यासनावर आले. जॉन प्लेफेअर गणिताकडून निसर्ग-तत्त्वज्ञानाकडे गेले. अर्थात्, या हालचालींत केवळ ज्ञानैक्याचा आदर्श होता असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. अध्यासने बहुतांशी नगरपरिषदेच्या हाती होती आणि प्राध्यापकाचे उत्पन्न पुष्कळसे विद्यार्थ्यांच्या शुल्कावर अवलंबून असे. तेव्हा वशिला आणि मिळकत यांचाही त्यात वाटा होता. तथापि अशी हालचाल शक्य होती, आणि तिच्याबद्दल कोणास विशेष आश्चर्य वाटत नव्हते, हे सत्य उरतेच.

या सहाध्ययनाची खरी कसोटी १८०५ च्या लेस्ली प्रकरणात लागली. प्लेफेअर यांनी सोडलेल्या गणिताच्या अध्यासनासाठी जॉन लेस्ली हे उमेदवार होते. १८०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उष्णतेवरील आपल्या प्रायोगिक ग्रंथाच्या एका टिपेत त्यांनी ह्यूम यांच्या कार्यकारणविषयक विवेचनाची प्रशंसा केली होती. ज्या ह्यूम यांना १७४५ मध्ये याच विद्यापीठात नीति-तत्त्वज्ञानाचे अध्यासन नाकारले गेले होते, त्यांचे नाव पुन्हा पुढे येताच एडिंबरोतील काही धर्मोपदेशकांनी हरकत घेतली. कारण व कार्य यांत नित्य साहचर्यापलीकडे आवश्यक बंध नाही असे मानले, तर सृष्टीवरून स्रष्ट्याकडे जाणारा युक्तिवादच कोसळतो, असे त्यांचे म्हणणे होते. आक्षेपकांपैकी पुष्कळ जण चर्चमधील तथाकथित ‘मवाळ’ पक्षाचे होते, आणि धर्मोपदेशकांनी विद्यापीठातील अध्यासनेही भूषविण्याची प्रथा त्यांना टिकवावयाची होती. ह्यूमवर सहसा कडाडून तुटून पडणारा ‘इव्हँजेलिकल’ पक्ष मात्र या प्रसंगी लेस्ली यांच्या बाजूस राहिला.

ड्यूगल्ड स्ट्यूअर्ट यांनी लेस्ली यांचा कैवार घेतला. पदार्थविज्ञान घटनांमधील नियमित अनुक्रम शोधते. घटना घडवून आणणारी शक्ती तिच्या हाती लागत नाही, आणि ही गोष्ट अनेक श्रद्धावान विचारवंतांनीही मान्य केली आहे, असे त्यांनी दाखविले. नियमांपलीकडील कर्तृत्वाचा प्रश्न त्यामुळे धर्मासाठी मोकळाच राहतो, असा याचा अर्थ होतो. टॉमस ब्राऊन यांनी त्याच वर्षी ह्यूम यांच्या सिद्धान्ताचे परीक्षण करणारी पुस्तिका लिहिली. अखेर स्कॉटिश चर्चच्या महासभेत ९६ विरुद्ध ८४ मतांनी लेस्ली यांच्या बाजूने निर्णय झाला. एका गणितज्ञाची नेमणूक कार्यकारणभावाच्या तात्त्विक प्रश्नावर अडावी, आणि त्याचा बचाव करण्यास नीति-तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने पुढे यावे, हे ज्या विद्यापीठात दोन्ही विषयांना समान प्रश्न होते तेथेच संभवनीय होते. लेस्ली पुढे १८१९ मध्ये निसर्ग-तत्त्वज्ञानाच्या अध्यासनावर आले.

या पद्धतीचा सर्वांत ख्यातनाम विद्यार्थी म्हणजे जेम्स क्लार्क मॅक्सवेल. १८४७ ते १८५० या काळात ते एडिंबरोमध्ये होते. गणित केलंड यांच्याकडे, निसर्ग-तत्त्वज्ञान जेम्स फोर्ब्झ यांच्याकडे आणि तर्कशास्त्र सर विल्यम हॅमिल्टन यांच्याकडे, असे त्यांचे अध्ययन चालले. हॅमिल्टन यांच्यासाठी त्यांनी द्रव्याच्या गुणधर्मांवर निबंधही लिहिला. येथे एक विरोधाभास आहे. हॅमिल्टन यांनी १८३६ साली ‘एडिंबरो रिव्ह्यू’ मध्ये केंब्रिजच्या व्ह्यूएल यांच्या पुस्तिकेच्या निमित्ताने गणिताच्या शैक्षणिक मूल्यावरच कठोर हल्ला चढविला होता. केवळ गणिताने बुद्धीला वळण लागत नाही, उलट ती एकांगी होते, असे त्यांचे मत होते. तरीही त्यांच्या वर्गातून एकोणिसाव्या शतकातील सर्वश्रेष्ठ गणिती पदार्थविज्ञांपैकी एक बाहेर पडला.

आपल्याला वस्तूंचे निरपेक्ष ज्ञान होत नाही, संबंधांचेच होते, हा हॅमिल्टन यांचा सिद्धान्त होता. मॅक्सवेल यांनी १८५५-५६ मध्ये फॅरडे यांच्या बलरेषांवर जो निबंध वाचला, त्यात त्यांनी विद्युत् व चुंबकीय घटनांची एका कल्पित द्रवाच्या प्रवाहाशी तुलना केली. ती वस्तूंच्या साम्यावर नव्हे, तर संबंधांच्या साम्यावर उभी आहे, हे त्यांनी कटाक्षाने स्पष्ट केले. या दोहोंत नाते आहे असे जॉर्ज डेव्ही यांनी १९६१ मध्ये व रिचर्ड ओल्सन यांनी १९७५ मध्ये प्रतिपादिले. परंतु या निष्कर्षाला मर्यादा घालणे आवश्यक आहे. उष्णतेचे वहन व स्थिर विद्युत् यांतील गणिती साम्य विल्यम टॉमसन यांनी १८४२ मध्येच दाखविले होते, आणि मॅक्सवेल यांनी त्यांचे ऋण मान्य केले आहे. शिवाय ज्या गणिती साधनांवाचून हा निबंध सिद्ध झाला नसता, त्यांवरील प्रभुत्व मॅक्सवेल यांना केंब्रिजच्या शिक्षणात मिळाले. म्हणून असे म्हणणे न्याय्य होईल की साम्याची युक्ती त्यांना टॉमसन यांच्याकडून, तिचे हत्यार केंब्रिजकडून, आणि त्या युक्तीने नेमके काय सिद्ध होते व काय होत नाही याविषयीची सावधता बहुधा एडिंबरोकडून मिळाली.

केंब्रिजचा मार्ग वेगळा होता. तेथे १८४८ मध्ये नैतिक शास्त्रे आणि निसर्गशास्त्रे या दोन नव्या परीक्षा मान्य झाल्या. म्हणजे दोन्ही विषयांना एकाच वर्षी स्थान मिळाले, पण दोन स्वतंत्र दारांनी. हळूहळू स्कॉटलंडही त्याच वाटेने गेले. १८५८ च्या कायद्यानंतर एम. ए. पदवीची घडी नीट बसविण्यात आली आणि सात आवश्यक विषयांत तर्कशास्त्र, नीति-तत्त्वज्ञान व निसर्ग-तत्त्वज्ञान ही तिन्ही कायम राहिली. १८६८ मध्ये, म्हणजे ग्रँट आले त्याच वर्षी, पीटर टेट यांनी एडिंबरोत पदार्थविज्ञानाची अध्यापन-प्रयोगशाळा उघडली. तेथे त्यांचे पहिले साहाय्यक विल्यम रॉबर्टसन स्मिथ हे ईश्वरविद्येचे विद्यार्थी होते. हा जुन्या पद्धतीचा जणू अखेरचा पुरावा होय. परंतु प्रयोगशाळेला वेळ हवा, भारतातील सनदी नोकरीच्या स्पर्धापरीक्षेला विशेष तयारी हवी आणि इंग्लंडमधील पदवीधरांशी बरोबरी हवी, या मागण्या वाढत गेल्या. १८८९ च्या कायद्यान्वये नेमलेल्या आयुक्तांनी १८९२ मध्ये नवे नियम केले, ऐच्छिक विषयांना मोठी मुभा दिली आणि एकाच विषयातील विशेष पदवीला बळ दिले. विज्ञानाची स्वतंत्र शाखाही उभी राहिली.

डेव्ही यांनी या बदलाकडे राष्ट्रीय परंपरेचा पराभव म्हणून पाहिले. नंतरच्या संशोधकांनी, विशेषतः रॉबर्ट अँडरसन यांनी, या चित्रात पुष्कळ दुरुस्ती केली आहे. सुधारणेची मागणी स्कॉटलंडमधूनही होत होती आणि जुन्या वर्गांतील अध्यापन अनेकदा प्राथमिक दर्जाचे होते, हे नाकारता येत नाही. शंभराहून अधिक मुलांच्या वर्गात सर्वांनाच रीड किंवा मॅक्सवेल होता येत नसते.

तरीही या इतिहासातून एक गोष्ट निर्विवादपणे पुढे येते. स्कॉटिश सहाध्ययन टिकले ते केवळ दोन विषय एका यादीत होते म्हणून नव्हे. बल कसे मोजावे, कारण म्हणजे काय, साम्यावरून किती सिद्ध होते, असे काही प्रश्न दोन्ही वर्गांत विचारले जात आणि दोन्ही अध्यापकांना ते आपले वाटत, म्हणून ते टिकले. हे प्रश्न एका वर्गातून नाहीसे झाले की उरलेली यादी ही केवळ शेजार ठरते. एडिंबरोमध्ये अध्यासनाचे जुने नाव विसाव्या शतकातही चालू होते. १९३६ पासून १९५३ पर्यंत मॅक्स बोर्न हे टेट यांच्या नावाच्या निसर्ग-तत्त्वज्ञानाच्या अध्यासनावर होते, आणि १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचा विषय कारण व यदृच्छा हाच होता. १८०५ मध्ये महासभेने मतदानाने ज्याचा तात्पुरता निकाल लावला, तो प्रश्न पुंजवादाने पुन्हा खुला केला होता. संयुक्त पदवीची योजना आखणाऱ्यांनी कोणते विषय एकत्र ठेवावयाचे हे ठरविण्यापूर्वी कोणते प्रश्न दोन्हीकडे सामायिक आहेत हे ठरवावे, एवढाच या इतिहासाचा बोध आहे.