ठिबकते एकीकडे, गळते दुसरीकडे : जुन्या मोटारीतील ऑइल गळतीचा शोध आणि उपाय

भंडारा : सकाळी गाडी बाहेर काढली की अंगणातील फरशीवर काळा डाग दिसतो. घरातील कुणीतरी त्यावर मूठभर माती टाकतो आणि ‘जुनी गाडी आहे, चालायचेच’ असे म्हणून विषय तेथेच संपतो. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये, तर अ‍ॅम्बॅसिडरचे त्याच वर्षी मे महिन्यात थांबले. तरीही अशा वयाच्या गाड्या एमएच-३६ क्रमांकाच्या पाट्या मिरवत आजही धावताना दिसतात आणि अनेक घरांत तेच एकमेव चारचाकी वाहन असते. मध्यरात्री आजारी माणसाला नागपूरला हलविण्याची वेळ आली, तर महामार्गावरील सुमारे ६० किलोमीटरचे अंतर याच गाडीने कापावे लागते. त्यामुळे हा डाग मातीखाली दडवण्याऐवजी त्याचा माग काढणे शहाणपणाचे ठरते.

धोका किती?

मारुती ८०० सारख्या लहान इंजिनात एकूण ऑइलच तीन लिटरच्या आसपास असते. त्यातील एक लिटर गळून गेले, तर इंजिनाचा तिसरा हिस्सा आधार गेला असे समजावे. त्यात भंडाऱ्याचा उन्हाळा म्हणजे पारा ४५ अंशांच्या घरात. तापलेले ऑइल पातळ होते आणि थंड इंजिनात न गळणारी फटही ठिबकू लागते. ऑइल अपुरे पडले की बेअरिंग घासतात आणि अखेर इंजिन जाम होते. तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर ऑइल पडत असेल, तर आगीचीही भीती असते.

डॅशबोर्डवरील लाल दिव्यावर विसंबणे धोक्याचे आहे. जुन्या गाड्यांमध्ये तो दिवा ऑइलची पातळी नव्हे, तर ऑइलचा दाब दाखवतो. दाब धोकादायकरीत्या घसरल्यावरच तो पेटतो. चालत्या गाडीत तो पेटल्यास ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ असा विचार न करता गाडी बाजूला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे.

आधी ओळख, मग शोध

गाडीखालचा प्रत्येक थेंब इंजिन ऑइलचा नसतो. रात्री इंजिनाखाली मोठा पुठ्ठा अंथरावा आणि त्यावर पुढच्या चाकांच्या जागा खुणेने दाखवाव्यात. सकाळी डागाचा रंग आणि जागा दोन्ही कळतात. काळे किंवा तपकिरी आणि बोटांना बुळबुळीत लागणारे बहुधा इंजिन ऑइल असते. घट्ट आणि उग्र, गंधकासारख्या वासाचे असल्यास ते गिअरचे ऑइल समजावे. हिरवट किंवा तांबूस पाणीदार द्रव रेडिएटरमधील कूलंट असतो, तर एसीचे पाणी स्वच्छ व बिनवासाचे असते. चाकाच्या आतल्या बाजूस फिकट द्रव दिसल्यास तो ब्रेक ऑइल असू शकतो. अशा वेळी तपासणी होईपर्यंत गाडी चालवूच नये.

इंजिन ऑइलची खात्री पटल्यावर लगेच पाने हातात घेऊ नयेत. ऑइल वरून खाली ओघळते आणि गाडी वेगात असताना वाऱ्याने मागे फेकले जाते. त्यामुळे थेंब जेथे पडतो, तेथे गळती असेलच असे नाही. चेंबरचे नवे पॅकिंग बसवूनही डाग कायम राहतो, तो अनेकदा याच कारणाने.

खात्रीचा मार्ग म्हणजे इंजिन आधी स्वच्छ करणे. इंजिन पूर्ण थंड असताना ब्रश आणि डिझेलने मळ काढावा. डिस्ट्रिब्युटर व अल्टरनेटर प्लास्टिकने झाकून घ्यावेत. सर्व भाग पुसून कोरडे होईपर्यंत गाडी सुरू करू नये. नंतर संशयित भागांवर टाल्कम पावडरचा हलका थर द्यावा आणि १५ ते २० किलोमीटर गाडी चालवून आणावी. पांढऱ्या थरावर पहिली ओली रेघ जेथून निघते, तेच गळतीचे उगमस्थान होय. तपासणी नेहमी वरून खाली आणि पुढून मागे करावी.

गाडीखाली शिरताना केवळ जॅकवर विसंबू नये. विटांचा आधारही फसवा असतो, कारण त्या वजनाने अचानक फुटतात. लोखंडी स्टँडच वापरावेत.

नेहमीची ठिकाणे

सर्वांत वर टॅपेट कव्हरचे पॅकिंग असते. उष्णतेने रबर कडक होते व कॉर्क आक्रसतो, त्यामुळे येथील गळती जुन्या गाड्यांत सर्रास आढळते. त्यानंतर ऑइल भरण्याचे झाकण, डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी असलेली ओ-रिंग, ऑइल प्रेशरचा स्विच आणि ऑइल फिल्टर पाहावेत. खाली चेंबरचे पॅकिंग आणि ड्रेन नटचा वॉशर असतो. कच्च्या रस्त्यांवर व पांदणवाटांवर दगड लागून चेंबरला बारीक चीर गेलेली असू शकते.

क्रँकशाफ्टच्या पुढच्या सीलकडे दुर्लक्ष करू नये. तेथून आलेले ऑइल टायमिंग बेल्टवर पडले, तर बेल्टचे रबर खराब होते. मागचे सील मात्र इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये असते. दोहोंच्या सांध्यातून ऑइल ठिबकत असेल आणि वरचा सर्व भाग कोरडा असेल, तरच त्याच्यावर संशय घ्यावा.

दोष पॅकिंगचा की दाबाचा?

इंजिनाच्या आत साचणारे वायू ब्रीदर पाइपातून बाहेर पडतात. हा पाइप किंवा त्याचा व्हॉल्व्ह काजळीने तुंबला की आतला दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही ऑइल बाहेर येते. अ‍ॅम्बॅसिडरच्या जुन्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनात तर क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला रबरी सीलच नव्हते. शाफ्टवर कोरलेले आटे ऑइल परत आत ढकलत असत. अशा इंजिनात ब्रीदर तुंबला की मागून ऑइल येणारच. म्हणून नवे पॅकिंग आणण्यापूर्वी ब्रीदर साफ करावा. तो साफ असूनही इंजिन सुरू असताना झाकणातून धुराचे जोरदार लोट येत असतील, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याची शक्यता असते. तेथे पॅकिंग बदलून भागणार नाही.

दुरुस्ती करताना

टॅपेट कव्हरचे बोल्ट सैल असल्यास ते टप्प्याटप्प्याने व सारखे आवळावेत. जास्त आवळल्यास कॉर्क फाटतो आणि पत्रा वाकतो. नवे पॅकिंग बसवण्यापूर्वी जुन्याचे कण खरवडून पृष्ठभाग कोरडा करावा. सिलिकॉन पेस्ट लावायचीच असेल, तर पातळ रेघ पुरे. आत पडलेले तिचे तुकडे ऑइलच्या जाळीत अडकून मार्ग बंद करू शकतात. ऑइल फिल्टर बदलताना जुन्याची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे पाहावे. नव्या रिंगला ऑइलचे बोट लावून फिल्टर हातानेच घट्ट करावा. ड्रेन नटला प्रत्येक वेळी नवा वॉशर घालावा.

मागच्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि खरी मजुरी तेथेच लागते. गिअरबॉक्स खाली असतानाच क्लच प्लेटही तपासून घ्यावी, म्हणजे तोच खर्च दुसऱ्यांदा होत नाही.

गळती थांबवणारी औषधे कडक झालेले रबर काही काळ मऊ करतात. मात्र फाटलेले पॅकिंग किंवा चिरलेले चेंबर त्यांनी सांधत नाही. ‘घट्ट ऑइल टाका, गळणार नाही’ हा सल्लाही अपुरा आहे. उत्पादकाने सांगितलेल्या दर्जाचेच ऑइल वापरावे व डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडे भरू नये. पुराच्या पाण्यात राहिलेल्या गाडीत डिपस्टिकवरील ऑइल दुधाळ दिसल्यास इंजिन सुरू न करता आधी ऑइल व फिल्टर बदलावेत. भंडारा शहराने ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेचा पूर अनुभवला आहे, त्यामुळे नदीकाठच्या वाहनधारकांनी हे लक्षात ठेवावे.

काढलेले ऑइल नालीत किंवा बांधावर ओतू नये. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते. ते डब्यात साठवून, पुनर्वापरासाठी ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

दर आठवड्याला, सपाट जागी, इंजिन थंड असताना डिपस्टिक पाहून पातळी वहीत टिपून ठेवावी. महिन्याभराच्या नोंदींवरून गळती वाढते आहे की थांबली, हे स्पष्ट होते. लांबच्या प्रवासाला निघताना मात्र वहीवर न विसंबता डिपस्टिक पुन्हा एकदा पाहावी.